खांदेमळणी झालेलं विमान

मी एक विमान बोलतोय. हसू नका. खरंखुरं, लढाऊ, जेटचं विमान. सोनपेठच्या बाहेर, गावातल्या भगवानरावांनी शाळेच्या संग्रहालयाला दिलेल्या रानात, एका सिमेंटच्या ओट्यावर मी उभा आहे. बाजारच्या दिवशी एस.टी.तून उतरलेली माणसं आधी मला बघतात आणि मग मिरच्या घ्यायला जातात. मला याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यातला. आमच्या जातीचं नाव नॅट, म्हणजे चिलट. अंगानं मी इतका लहान, की पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "एवढंच?" एवढंच, पण चिलट डोळ्यात गेलं की भलाभला पैलवान डोळे चोळत बसतो. एकाहत्तरच्या लढाईत मी आकाशात होतो. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. जे परत आले नाहीत, त्यांच्यामागे परत आलेल्यानं मिशीला पीळ देऊ नये.

पुढे नोकरी संपली. माझं इंजिन काढलं, तोफा काढल्या, आणि मला एका कोपऱ्यात उभं केलं. माझी भंगारातच रवानगी व्हायची, पण मध्ये अण्णासाहेब आले.

अण्णासाहेब सोनपेठच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीत ते एका मोठ्या शहरातलं संग्रहालय बघून आले होते. तिथं जुनी विमानं हाताच्या अंतरावर उभी होती आणि अंगणात झाडाहून उंच रॉकेट होतं. ते बघून माणूस पार खुळावला. आपल्या लोकांनी हे पुस्तकातच बघायचं का, एवढा एकच ध्यास. मुंबई-दिल्लीचे उंबरे झिजवून शेवटी त्यांनी हवाई दलाकडून मला मागून घेतलं. कायमचं दिलं नव्हतं, फक्त ठेवायला दिलं होतं, हे ध्यानात ठेवा.

रॉकेट मात्र कुणी देईना. मग अण्णासाहेबांनी बुरुडाकडून धान्य साठवायच्या बांबूच्या कणग्या विणून घेतल्या, एकीवर एक चढवल्या, शेणामातीनं लिंपल्या, चुना दिला आणि टोकाला टोपलं पालथं घातलं. झालं रॉकेट. आजही पेडगावकडून आलेल्या बायका त्याला हात लावून आधी विचारतात, "यात जवारी किती मावंल वो?" माझा हा शेजारी त्यावर लाजून गप्प बसतो. त्याला आपण रॉकेट आहोत याची अजून पुरती खात्री नाही.

माझं येणं तर बघण्यासारखं होतं. पंख वेगळे, धड वेगळं, असा मी लांबलचक ट्रेलरवरून आलो, आणि सडक सोडताच ट्रेलर काळ्या मातीत रुतला. ड्रायव्हरनं जोर केला तशी चाकं आणखी खाली गेली. तेव्हा शेजारच्या रानातल्या किशनरावांनी आपली बैलजोडी आणली, मागून गावातल्या बाकीच्या जोड्या आल्या. आवाजाच्या वेगाशी झोंबणारा मी बैलांच्या चालीनं सोनपेठला पोचलो. खोटं कशाला सांगू, त्या चालीत मजा होती.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. किशनराव बैलांचं आटोपून वाटी घेऊन थेट माझ्याकडे आले आणि पंख जिथं धडाला जुळतो तिथं हळद-लोणी चोळायला लागले.

अण्णासाहेब धावत आले. "अहो किशनराव, ते यंत्र आहे."

"यंत्र असंल. खांदा हाय का न्हाई?"

"आहे, पण..."

"मंग झालं की. बैलांनी वढून आणलं म्हंजे बैलांच्याच गोतातलं. त्याचाच खांदा कोरडा कामून ठिवायचा?"

लोण्याच्या वासानं दुसऱ्या दिवशी माझ्यावर मुंग्यांनीच जत्रा भरवली, कावळे चोच पुसून गेले. पण त्या संध्याकाळी मला जे वाटलं ते सांगतो. मला आजवर तेल पाजलं होतं, ग्रीस लावलं होतं, पण जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून दरसाल माझी खांदेमळणी ठरलेली.

माझ्याकडे नेमानं येणारं आणखी एक माणूस होतं, कडूबाई. तिचा एकुलता लेक चंद्रभान हवाई दलात विमानं दुरुस्त करायचा. कुठं तरी सरहद्दीजवळ असायचा, वर्षातून एकदा यायचा. दर बाजाराला कडूबाई भाजीची पिशवी खाली ठेवायची, माझ्या पोटावर तळहात टेकवायची आणि विचारायची, "बरा हाईस का रं?" हे मला की चंद्रभानला, ते मी कधी मनाला विचारलं नाही. मी आपला दोघांच्या वतीनं बरा असायचो.

अशी चारपाच वर्षं सुखात गेली आणि माशी शिंकली. मला छपराखाली ठेवायचं आणि वेळच्या वेळी रंग द्यायचा, ही हवाई दलाची अट. छपराचं दरसाल ठरायचं आणि दरसाल राहायचं. माझा रंग उडाला, नाकपुड्यांत चिमण्यांनी संसार मांडला. तेवढ्यात त्या मोठ्या शहरातल्या संग्रहालयानं मला मागितलं आणि वरून हुकूम आला, विमान उचला.

नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रेलर आला. बरोबर त्या शहरातल्या संग्रहालयाचे साहेब. स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. "उद्या सकाळी चढवू," म्हणाले. त्या संध्याकाळी किशनरावांनी माझा खांदा मळला खरा, पण हात जड होता. कडूबाई बाजाराचा दिवस नसूनही आली. तिनं त्या दिवशी मला काहीच विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

रात्रभर पाऊस कोसळला, आणि सकाळी बघतात तर ट्रेलर पुन्हा काळ्या मातीत, आसापर्यंत. साहेब किशनरावांकडे गेले. "पाटील, बैल आणा जरा."

"आज न्हाई जमायचं साहेब. आज पोळा. आज खांद्याला जू लागत न्हाई."

"तासाभराचं काम आहे."

"घटकाभराचं असलं तरी न्हाई. आन् ह्याला बी आज हलवू नगा." किशनरावांनी माझ्याकडे बोट केलं. "रातीच त्याचा खांदा मळलाय. आवतण दिलंय. जेवल्याबिगर कसं जाऊ द्यावं?"

साहेब आधी चिडले. मग हसले. मग त्यांना भूक लागली, आणि अण्णासाहेबांच्या घरची पुरणपोळी खाऊन ते जरा मऊ झाले.

दुपार कलली तशी मारुतीपुढून बैल निघाले. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरमाळा. बैलांचं लग्न लावून झाल्यावर सगळी मिरवणूक माझ्याकडे वळली. माझ्या नाकावर कुणी बेगड चिकटवली, कुणी गोंडा बांधला. म्हाताऱ्यांनी, पोरींनी, सुनांनी मला हात लावला. किशनरावांनी पुरणपोळीचा घास माझ्या तोंडाला लावला आणि चिमण्यांनी तो वरच्यावर पळवला. साहेब बाजूला उभे राहून सगळं बघत होते.

कडूबाई त्यांच्याजवळ गेली. "साहेब, तिथं ह्याला हात लावू देतेत का?"

"नाही मावशी. दोरी बांधलेली असते. लांबून बघायचं."

"मंग ह्याला कसं कळायचं, कोन आलतं म्हून?"

साहेबांनी पुढे होऊन माझ्या नाकावरचा गोंडा सरळ केला.

"माझा लेक असलीच इमानं नीट करतो," कडूबाई म्हणाली. "त्याचा हात नेमका कुठं लागत असंल, ते तेवढं दावा. मंग घिऊन जा."

साहेब तिला माझ्या पोटाखाली घेऊन गेले. इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात गुडघा टेकला आणि तिथलं एक झाकण उघडलं. "इथं, मावशी. उडायच्या आधी पहिल्यांदा इथं हात जातो. तुमच्या लेकानं बरं म्हटल्याशिवाय पायलट वर जात नाही."

कडूबाईनं आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "लय गार हाय," एवढंच म्हणाली. मग साहेबांनी शिडी मागवली, कुलूप काढलं आणि तिला स्वतः आधार देऊन माझ्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. माझ्यात मोठमोठे वीर बसले, पण इतकं सावरून, पदर नीट करून कुणी बसलं नव्हतं. खाली बैल, माणसं, लांब गोदावरीकडची झाडी. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला इंजिन असतं तर मी त्या क्षणी उडालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव बैल घेऊन आले. चेहरा उतरलेला. "इमान आधी चढवायचं का ट्रेलर आधी काढायचा?"

"ट्रेलर काढा," साहेब म्हणाले. "रिकामाच."

बैलांनी ट्रेलर सडकेवर आणला. साहेब अण्णासाहेबांना म्हणाले, "वर काय सांगायचं ते मी बघतो. दिवाळीच्या आत छप्पर घाला आणि रंग द्या, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही." मग ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले. "तिकडे आमच्याकडे हे रांगेतलं आठवं झालं असतं," असं म्हणाले आणि गेले.

छप्पर दसऱ्यालाच झालं. कुणी पत्रे दिले, कुणी बल्ल्या, आणि रंग द्यायला सुट्टीवर आलेला चंद्रभान होता. आईला मी ठाऊक होतो, आता लेकालाही झालो.

आता माझं वय झालं आहे. टायर बसले आहेत, काच धुरकट झाली आहे. पण तब्येत ठणठणीत. पलीकडे कणग्यांचं रॉकेटही दरसाल नव्या चुन्यानं गोरं होतं. तुम्ही कधी सोनपेठला आलात, तर लांबून बघून, मान हलवून जाऊ नका. इथं दोरी नाही. जवळ या, हात लावा. फक्त सकाळच्या वेळी या, कारण दुपारी छपराच्या कडेनं ऊन येतं आणि माझा पत्रा तापतो. उगाच पाहुण्याला चटका बसला, तर मला बरं वाटणार नाही.