चार नंबरची प्रेस

बढाई मारायची सवय माणसाला कुठे नडेल सांगता येत नाही. उस्तादाला ती दवाखान्यात, खाटेवर पडल्या पडल्या नडली.

उस्ताद म्हणजे बिजागऱ्यांच्या कारखान्यात चार नंबरच्या प्रेसवर काम करणारा माणूस. हे नाव त्याला लाइनवरच्या लोकांनी दिलेलं, आणि उगाच दिलेलं नव्हे. एकोणीस वर्षं त्याने पत्र्याच्या पट्ट्या प्रेसखाली सरकवल्या. त्याच्या हाताखालून गेलेल्या बिजागऱ्यांवर किती दारं उघडत-मिटत असतील, देव जाणे.

आता प्रेस कशी चालते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. प्रेसला दोन हिरवी बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात आणि बोटं सुखरूप राहतात. ज्याने कुणी हे शोधून काढलं त्याचं भलं होवो. पण त्या भल्या माणसाला कुणी टार्गेट दिलं नव्हतं. दोन्ही बटणं दाबत काम केलं तर एका शिफ्टमध्ये चोवीसशे नग निघतात, मरमर मेलात तरी पंचवीसशे नाही. आणि कारखान्याला हवेत बत्तीसशे! मग करायचं काय? एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे ते दाबलेलंच राहतं. एक हात दुसऱ्या बटणावर, एक हात पट्टीवर. बत्तीसशे हां हां म्हणता होतात.

लाइनीत अकरा प्रेस होत्या आणि अकरांनाही पाचरी होत्या. तपासणीवाले यायचे त्या दिवशी सुपरवायझर स्वतः ओरडत जायचा, "खिशात घाला रे, खिशात!" ते गेले की परत यायचा आणि तोंडातून अवाक्षर न काढता नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचा.

त्या अकराच्या अकरा पाचरी उस्तादानेच केलेल्या. दुसऱ्या कुणी केलेल्या पाचरी धक्क्याने निसटायच्या. उस्ताद चिवट लाकूड निवडायचा, तासून तासून बेताचा उतार द्यायचा, तेल पाजायचा आणि माथ्यावर आपली खूण म्हणून इवलीशी चांदणी कोरायचा. त्याची पाचर वर्षभर हलत नसे. त्याला याचा केवढा अभिमान! मोबदला म्हणून तो एक कप चहा घ्यायचा, तोही कौतुक ऐकत ऐकत.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी पट्टी तिरकी बसली. उजव्या हाताने ती सरळ करायला गेला आणि डावा हात, एकोणीस वर्षांच्या सवयीचा मेला, बटणावर पडला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन गेली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातला एक माणूस फळं घेऊन दवाखान्यात आला. काय गोड बोलणारा! वेदना कशा आहेत, झोप लागते का, सगळं विचारून झाल्यावर त्याने हळूच खिशातून एक फोटो काढला. प्रेसच्या बटणाचा, त्यात घट्ट बसलेल्या पाचरीचा. "उस्ताद, ही कुणी केली हो? काय सफाई आहे!"

इंजेक्शनच्या गुंगीत उस्तादाची छाती फुगली. "मीच की. अशी दुसऱ्या कुणाला जमणार? चांदणी बघा वर."

अरे बाबा, तेवढं तोंड मिटलं असतंस तर! त्या माणसाने ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं, आणि डाव्या हातात पेन देऊन खाली सही म्हणून एक रेघोटीही ओढून घेतली.

"तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात," नऊ महिन्यांनी वकीलबाई म्हणाल्या. उस्तादाच्या नुकसानभरपाईचा दावा त्यांच्याकडे होता. बाई सरळ होत्या, पण त्यांच्या टेबलावर असल्या फायलींचा ढीग होता आणि प्रत्येक फायलीला त्या सारखीच दहा मिनिटं देत. "कंपनी म्हणणार, सुरक्षेचं बटण यानेच मुद्दाम निकामी केलं, आम्हाला पत्ताच नव्हता. सुपरवायझरला माहीत होतं असं सांगणारा एक साक्षीदार आणा, मी लढते. दोन-तीन वर्षं लागतील. नाहीतर तडजोड आहे. मागितलं त्याचा तिसरा हिस्सा देताहेत, आणि तुमच्या जागी बायकोला नोकरी."

"आणि बदल्यात?"

"लिहून द्यायचं. पाचर तुम्ही केली, तुम्हीच लावली, लाइनवर दुसरं कुणी असली पाचर वापरत नव्हतं, आणि वरच्या कुणालाही माहीत नव्हतं."

"साफ खोटं आहे हे!"

"म्हणून तर त्याचे पैसे देताहेत," वकीलबाई म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली.

उस्ताद त्याच संध्याकाळी जाड्याकडे गेला. जाड्या पाच नंबरवरचा, त्याचा जिवाभावाचा दोस्त. अपघाताच्या दिवशी अंगातला शर्ट काढून हात बांधणारा आणि उस्तादाला पाठुंगळी मारून फाटकापर्यंत पळणारा हाच. जाड्याने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला सांगितलं, आणि उस्ताद तोंड उघडायच्या आतच त्याचे डोळे भरले.

"तू कशाला आलायस ते ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "सांगेन मी. खिशात घाला म्हणून ओरडायचा, ते सांगेन. मग ते मला विचारतील, तुझ्या बटणात काय होतं? काय सांगू?"

उस्तादाने आलेला चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

"तुझीच चांदणी आहे रे माझ्या बटणात. आजही आहे. साक्ष दिली की दुसऱ्या दिवशी मी घरी. आत सासरे अंथरुणाला खिळलेत, त्यांचं औषध कोण आणणार?" जाड्या हुंदके देत होता, एवढा आडदांड माणूस. "शिव्या घाल मला. घाल ना!"

उस्तादाने शिव्या घातल्या नाहीत. चहा पिऊन तो उठला. उरलेल्या नऊ जणांकडे गेलाच नाही. जाड्याने नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला होय म्हणतात? स्वतः तासून दिलेल्या पाचरींनी त्याने सगळ्यांचीच तोंडं बंद करून टाकली होती, आणि घरी येईपर्यंत त्याला हे इतकं लख्ख कळलं की भर रस्त्यात थांबून त्याने स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली.

घरी बायको वाट बघत होती. "काय म्हणाले भावजी?"

"रडला."

"रडून घर चालत असतं तर मी नऊ महिन्यांत बंगला बांधला असता." ती फणकारली, आणि मग जवळ येऊन बसली. "अहो, ऐका. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. मालक दर आठवड्याला भाडं मागायला उभा. तुम्हाला सहा ठिकाणी काम मागून झालं, हात बघितला की लोक दार लावतात. मी जाते. त्यात काय मोठंसं?"

"ती प्रेस आहे. शिलाई मशीन नव्हे."

"दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबीन. तुमच्यासारखी शहाणी नाही मी. तुमची शपथ, बस?"

तिने त्याचा उजवा हात, तो बिचारा चिमट्यासारखा उरलेला हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्यासमोर त्याचं कधी काही चाललं होतं म्हणून आज चालणार?

तडजोडीचा कागद सरकारी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर व्हायचा होता. टेबलापलीकडे शिक्का मारणारे साहेब, एका बाजूला कारखान्याचे मॅनेजर, दुसऱ्या बाजूला वकीलबाई आणि हे नवरा-बायको. खोलीला एकच खिडकी होती, तीही कपाटाने अर्धी झाकलेली. वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. "माझ्याव्यतिरिक्त कोणीही असे साधन वापरत नव्हते," या ओळीवर उस्तादाच्या कानशिलांत ठणकायला लागलं. लाइनवरची दहा माणसं त्याच्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि दहांच्या बटणांत चांदण्या.

"एक विचारू?" तो मॅनेजरांना म्हणाला. "हिला कुठली प्रेस मिळणार?"

"कुठली म्हणजे? रिकामी असेल ती."

"रिकामी कुठली आहे?"

मॅनेजरांनी वकीलबाईंकडे पाहिलं. "चार नंबर," ते म्हणाले. "बाकी सगळ्या भरलेल्या आहेत."

"आणि टार्गेट?"

"टार्गेट सगळ्यांना सारखंच असतं. बाईमाणूस म्हणून पहिला महिना सांभाळून घेऊ."

उस्तादाने पेन खाली ठेवलं. वकीलबाई कानाशी येऊन पुटपुटल्या, "आज सोडलंत तर पुढच्या वेळी नोकरी कागदावर नसेल. मी त्यांना ओळखते." साहेबांनी शिक्का हातात धरून घड्याळ पाहिलं. बाहेर बाकावर त्यांच्यामागचे लोक बसले होते, कुणाचा पाय, कुणाची पाठ. आणि बायको, जिने आयुष्यात कधी परक्यांसमोर नवऱ्याला उलट शब्द काढला नव्हता, ती शांतपणे म्हणाली, "सही करा."

"तुम्ही हे राजीखुशीने करताय ना?" साहेबांनी विचारलं. विचारावं लागतं, म्हणून.

"हो," उस्ताद म्हणाला. डाव्या हाताने त्याने सही केली. नऊ महिन्यांत ती बरीच सुधारली होती.

पैसे आले तसे गेले. भाडं, फी, दवाखान्याची उधारी. बायको कामाला लागली आणि उस्ताद घर बघू लागला. दोन बोटांनी भांडी घासणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पण भांडी परवडली, वाट बघणं परवडेना. तिची शिफ्ट सुरू झाली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की त्याला वाटायचं, आलं कुणीतरी सांगायला. चार वाजून गेले की तो दारात उभा राहायचा आणि ती कोपऱ्यावरून वळताना सगळ्यात आधी तिचे हात बघायचा.

तिने शब्द पाळला. पहिला महिना चोवीसशेच्या आसपास, पुढे एकदा चोवीसशे सत्तर! उस्तादाने तिची पाठ थोपटली. दुसऱ्या महिन्यात पगार कापून आला. तिसऱ्यात सुपरवायझरने लेखी ताकीद दिली. "अजून एक मिळाली की घरी बसवतील," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. उस्तादाने खूप डोकं खाजवलं. पट्ट्या कशा रचायच्या, कमरेतून किती वळायचं, सगळं जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडून तिला दाखवलं. तिने मन लावून शिकून घेतलं. पंचवीसशेच्या वर गाडी सरकली नाही.

मग एका संध्याकाळी ती घरी आली ती हसत. "झाले आज. बत्तीसशे दहा! सुपरवायझर म्हणाला, उस्तादाची बायको शोभतेस खरी."

उस्ताद पाणी भरत होता. त्याने नळ बंद केला.

"कसे झाले?"

"झाले."

"शपथ घेतली होतीस माझी."

"शपथेने टार्गेट होत नाही," ती म्हणाली. हसू गेलं होतं. "भावजींनी दिली. त्यांच्याकडे एक जास्तीची होती."

त्याचं डोकं भणाणलं. "उद्या येतो मी. त्या मॅनेजरच्या टेबलावर जाऊन सांगतो, तुमच्या लाइनवर काय चालतं ते. तपासणीवाल्यांना सांगतो!"

"काय सांगाल?" ती भांडत नव्हती, हेच वाईट होतं. "तुमच्याशिवाय असलं कुणी कधी केलंच नाही, असं तुमच्याच हातचं त्यांच्याकडे आहे. शिक्क्यासकट. तुमचं कोण ऐकणार? आणि ऐकलंच, तर आधी मला काढतील."

तो मटकन खुर्चीत बसला. तिचं बरोबर होतं. जिकडे जावं तिकडे भिंत, आणि प्रत्येक भिंत त्याच्याच हातची. त्याला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि तिचा रागही येत होता, आणि त्या रागाचीही लाज वाटत होती. तिने दोघांची ताटं वाढली. तो जेवला नाही. तिचे भरभर चालणारे दोन्ही हात बघत राहिला.

"कुठल्या बटणात लावलीस?" शेवटी त्याने विचारलं.

"उजव्या. तुम्ही लावायचा तशीच."

"तशी नको," तो म्हणाला. "डाव्या बटणात लाव. उजव्या हाताने बटण दाब, आणि पट्टी डाव्या हाताने सरकव."

"का? उलटं पडेल मला. नग कमी होतील."

"आठवडाभर कमी होतील. मग सवय होते." त्याने आपला उजवा हात टेबलाखाली घेतला. "काही झालं तर उजवा राहायला हवा. डाव्यावाचून भागतं."

तिने ताट बाजूला सरकवलं. मग दोन्ही हात पुढे धरून तिने समोर प्रेस आहे असं समजून एकदा करून पाहिलं, आणि नीट लक्षात राहावं म्हणून पुन्हा विचारलं, "पाचर डाव्या बाजूला ना?"