गप्प बसणं गुन्हा आहे

"या खोलीत गप्प बसणं गुन्हा आहे," साहेबांनी कागद वाचून दाखवला. "दहशतवादविरोधी कायदा आहे, बाई. आम्ही विचारू त्याचं उत्तर द्यावंच लागेल. कळलं?"

मावशीला आधी वाटलं, आपली थट्टा चालली आहे. माहेरी आईने, सासरी सासूने आणि पुढे नवऱ्याने जिला जन्मभर 'जरा गप्प बस' एवढंच सांगितलं, तिला आज चक्क सरकार बोल म्हणत होतं. मावशीचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं आणि गल्लीत तिला 'रेडिओ' म्हणत. तोही बंद करायचं बटण नसलेला.

"सगळं सांगायचं?" तिने खात्री करून घेतली.

"सगळं."

"मग पाणी मागवा, साहेब. घसा सुकतो माझा."

मावशीची भाची पत्रकार. खटल्याशिवाय कोंडून ठेवलेल्या माणसांविषयी लिहायला लागली, तशी तिला देश सोडून बाहेर राहावं लागलं होतं. मावशी तिच्याकडे महिनाभर राहून परतली, तर विमानतळावरच दोघा पोलिसांनी तिला बाजूला घेतलं, फोन काढून घेतला आणि बॅग उपसली. बॅगेत कात्र्या आणि कंगवेच निघाले. पण साहेबांना हवा होता एक माणूस, भाचीला आतली माहिती पुरवणारा. आणि पंचाईत अशी, की तो कोण हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

तो भाचीच्या स्वयंपाकघरात आला होता. केस मानेवर लोंबत होते, टोकांना फाटे फुटलेले. मावशीच्याने बघवेना. तिने त्याला स्टुलावर बसवून गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. डोक्यावर कात्री चालू झाली की माणसं मोकळी होतात, तसा तोही झाला. नाव, कचेरी, आईचं दुखणं, सगळं सांगून बसला. भाचीने कपाळावर हात मारला.

"मावशी, याचं नाव बाहेर गेलं ना, तर हा जन्मभर तुरुंगात सडेल."

"अगं, खुर्चीतलं बोलणं केसांबरोबर झाडून टाकायचं असतं," मावशी म्हणाली.

दुकान काढल्यापासून हा तिचा नेम होता. ती अखंड बोले ते स्वतःच्या घरचं. खुर्चीतल्या बाईचं अवाक्षर बाहेर जात नसे. ही गोष्ट कधी कुणाच्या लक्षात आली नाही, कारण तिच्या बोलण्यात दुसऱ्याला विचार करायला जागाच नसे.

"भाचीकडे कोण कोण यायचं?" साहेबांनी सुरुवात केली.

मावशी सुटलीच. नळ दुरुस्त करणारा आला होता, तो नळ बिघडवून गेला. शेजारीण यायची, तिच्या मांजराचं ऑपरेशन झालेलं. त्यावरून नणंदेचं ऑपरेशन निघालं, नणंदेवरून नणंदेचा नवरा निघाला, आणि तो तर एका तासात आवरणारा विषयच नव्हता.

"बाई, मुद्द्यावर या!"

"आता तुम्हीच म्हणालात ना, सगळं?"

लिहून घेणारी पोलीस पोरगी हसू दाबत होती. तिने केस इतके आवळून बांधले होते की मावशीला राहवलं नाही. "सैल बांध गं बाळा, कपाळ मागे सरकेल."

मग साहेबांनी एक फोटो पुढे सरकवला. तेच केस, तेच फाटे.

"याला पाहिलंत?"

"नाही," मावशी म्हणाली.

आणि म्हणताक्षणीच तिला चूक कळली. सकाळपासून तिने एकाही प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. पोरीचं पेन थांबलं. साहेबांनी मान वर केली.

"नाही म्हणजे काय, साहेब," मावशीने फोटो जवळ ओढला, "असलं डोकं माझ्या तावडीतून सुटलं असतं होय? बघा तरी! घोड्याच्या शेपटीलाही याहून बरं वळण असतं. आमच्या नणंदेच्या नवऱ्याचे अगदी अस्सेच होते, लग्नात..."

"नको!" साहेब ओरडले. "तो नवरा पुन्हा नको."

कायद्याने ठेवता येईल तेवढा वेळ संपत आला होता. फोन त्यांनी ठेवून घेतला आणि मावशीला सोडलं. ती बाहेर आली. नवरा ताटकळत उभा होता.

"अगं, कुठे होतीस? काय झालं?"

"रांग होती," मावशी म्हणाली. नवऱ्याने घाबरून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या आठवड्यात भाचीची बातमी छापून आली. कोंडलेल्या माणसांची नावं, त्यांना ठेवलेली जागा, सगळं होतं. मावशीचा ऊर भरून आला. असा किस्सा तिच्या आयुष्यात पुन्हा घडणार नव्हता, आणि तो कुणापुढे रंगवून सांगायची सोय नव्हती. याचं तिला खरंच फार वाईट वाटलं.

दुकानात त्या दिवशी बायकांना बसायला जागा नव्हती. खुर्चीतल्या बाईने पेपर उघडला.

"अहो, तुमच्याच भाचीची ना ही? आणि तुम्हाला म्हणे विमानतळावर धरलं होतं? सांगा की! हा माहिती देणारा कोण असेल हो?"

सगळ्या जणी कान टवकारून बसल्या.

"मान खाली करा," मावशी म्हणाली.

त्या दिवशी दुकानात पहिल्यांदाच कात्रीचा आवाज ऐकू आला.