उतारावरचे खड्डे

कोळंबशेतची नगरपंचायत झाली तेव्हा आम्हांला ते परळला बसूनच कळलं. तालुक्याचं ठिकाण म्हणून दर्जा मिळाला; बाकी गाव होतं तसंच राहिलं. नदीकाठी भाताची खाचरं, वर जांभ्याचा तांबडा उतार. पाऊस भरपूर पडतो, पण जांभा पाणी धरत नाही. दिवाळीनंतर उतारावर पूर्वी काहीच व्हायचं नाही. काजूने ते बदललं. आता उतारभर काजू आहे, बाजारपेठेत बी फोडायचे कारखाने आहेत आणि बऱ्याच घरांचं वर्ष त्यावर निघतं. आमच्या बौद्धवाडीतल्या घरांचंही निघतं. आमच्या घरचा तुकडा तेवढा मोकळा आहे.

तो मोकळा राहणार, हे परळच्या आमच्या चाळीतल्या खोलीत ठरलं.

माझे वडील भिवा गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. धाकटा भाऊ राजाराम, माझा काका, तिथेच बदली कामगार. संपाच्या दुसऱ्या वर्षी काका गावी गेला आणि शेती करू लागला. बाबा राहिले. एका इमारतीवर वॉचमनची नोकरी धरली, पण गिरणीचा पास सदऱ्याच्या खिशातून कधी काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सध्या संप चालू आहे." संप कधीच विरून गेला होता. गिरणीला कुलूप होतं.

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं, त्या वर्षी काका अचानक आला. सरकार काजूची कलमं फुकट देत होतं. सातबारा दोघा भावांच्या नावावर, म्हणून संमतीच्या कागदावर बाबांचीही सही हवी होती. काकाचे तळहात सोललेले होते.

"खड्डे मारून आलोय, दादा. सगळा उतार. तुझी सही झाली की कलमं उचलायची."

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं माझ्या नावापुढं शेतकरी लिहिलंय."

"मग काय लिहायचं?"

"गिरणी कामगार लिही."

"कामगाराला कलमं देतात होय? कामगाराला काय देतात ते बघतोयस की तू इतकी वर्षं."

दारात शेजारचे लवू बसले होते. तेही त्याच गिरणीतले. ते म्हणाले, "भिवा, सही करू नकोस हां. एकदा कागदावर शेतकरी झालास की गिरणीवरचा हक्क गेला. गेटवर बोलत होते."

"कोण बोलत होतं?" आईने स्टोव्हजवळून विचारलं. "नाव सांगा."

"सगळेच बोलतात, कमळाबाई."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. दादला माझा वॉचमन आहे, वॉचमन! त्याने नाही हक्क गेला, आणि काजू लावून जाणार?"

लवू हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कालिंदी, धरतं कधी हे झाड?"

"कलम असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडं. पुढे वाढत जातं."

"तोवर गिरणी उघडेल," बाबा म्हणाले. "मग पाणी कोण घालणार? राखण कोण करणार?"

"मी करतोय ना!" काका म्हणाला. "तू नुसती सही कर. इथंच बस, वाटल्यास गेटवर जाऊन बस."

"राजा, तू शेतकरी झालास. मला करू नकोस."

काकाने कागदाची घडी केली. जेवून जा म्हटलं तर थांबला नाही. आणलेले उकडे तांदूळ मात्र आईच्या हातात देऊन गेला.

पुढच्या वर्षी त्याने निरोप पाठवला, योजना अजून चालू आहे. बाबांनी उत्तर पाठवलं, गिरणीचं काहीतरी ठरतंय, थांब. वाडीत इतरांची कलमं लागली, वाढली. गिरणी पडली, तिथे काचेची इमारत उभी राहिली. कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा आम्ही रांगेत होतो, आणि गावी काजू लावलेली माणसंही रांगेत होती. शेती आहे का, असं त्या अर्जात कुणी विचारलंच नव्हतं. बाबांनी तो पुन्हा पुन्हा उलटून बघितला.

मग नगरपंचायतीला कचऱ्यासाठी जागा हवी झाली. झाडं नसलेली, घरं नसलेली. अशी जागा उतारावर एकच होती. हरकत घ्यायला दोन्ही मालकांनी यावं असा काकाचा फोन आला, आणि मी बाबांना घेऊन गावी गेले.

काकाने आधी आम्हांला वर नेलं. थंडी सरत होती, शेजारच्या काजूंना मोहोर होता. आमच्या तुकड्यावर गवत होतं आणि त्या गवतात ओळीने खळगे होते. पावसाने अर्धे बुजवले होते, पण एकेक स्पष्ट दिसत होता. बाबा एका खळग्याशी थांबले, काठी आत टेकवून खोली बघितली.

"सरळ मारलेस रे," ते म्हणाले.

"दोरी लावली होती, दादा."

काकाने कधीच त्यांना त्या सहीबद्दल टोमणा मारला नव्हता. मला वाटतं, मारला असता तर बाबांना सोपं गेलं असतं.

कचेरीच्या व्हरांड्यात मी हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. बाबांचे हात आता कापतात. नाव, पत्ता झाला. पुढे व्यवसाय होता. मी बाबांकडे बघितलं.

"शेतकरी लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. काका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. खालच्या रकान्यात विचारलं होतं, जमिनीवर सध्या उभं पीक कोणतं. बाबांनी खिशाला हात लावला, पासच्या जागी. मी पेन धरून होते.

"गवत लिही, बाय," काका म्हणाला.

मी गवत लिहिलं, आणि अर्ज सहीसाठी बाबांच्या पुढे धरला.