न घासलेले पाच

ताईच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून विद्यापीठात वस्तू मोडते. सात वर्षं झाली, अजून मोडून संपत नाहीत." घरात कप फुटला की स्वयंपाकघरातून हाक यायची, "ऑफिसचं काम घरी आणू नकोस गं!"

त्यात खोटं काहीच नव्हतं. कृत्रिम पायाच्या घोट्यात बसवायचा बोटभर लांबीचा तुकडा यंत्रात अडकवायचा, सेकंदाला दोनदा वाकवायचा आणि तो कधी मोडतो याची वाट बघायची, हेच ताईचं संशोधन. वीस लाख वेळा वाकूनही शाबूत राहिला तर तुकडा पास. ताईने आत धागे घालून एक नवं प्लास्टिक तयार केलं होतं, हलकं आणि स्वस्त. त्याचे बारा तुकडे तपासून झाले होते. सात पास झाले. पाच मात्र सात-आठ लाखांतच मोडले.

"त्या पाचांत काहीतरी दोष असणार," सर म्हणाले. सर म्हणजे तिचे गाईड. "ते वगळ आणि प्रबंध छापायला टाक. आठ दिवसांवर सादरीकरण आलंय. कारखान्याचे लोकसुद्धा येणार आहेत, साचे तयार करून बसलेत बिचारे."

वगळायला ताईची हरकत नव्हती, पण दोष कोणता ते तिला लिहायचं होतं. म्हणून ती वर्कशॉपमध्ये मिस्त्रीकाकांकडे गेली. तुकडे तेच कापून द्यायचे.

"बाराही एकाच शीटमधून कापलेत, ताई," काका चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले. "माझ्या कापण्यात खोट काढू नका. दुसरं काहीही काढा."

मग ताईने आपली वही काढली. मोडलेले पाचही तुकडे एकाच पंधरवड्यात यंत्रावर चढले होते. त्या पंधरवड्यात तिच्या अंगठ्याला टाके पडले होते, आणि म्हणून तिने ते तुकडे घासले नव्हते.

हे घासणं म्हणजे त्या प्रयोगशाळेचा कुळाचारच होता. तुकडा यंत्रात लावण्याआधी त्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या, नख फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जुना माणूस हे शिकवायचा. सरांना त्यांच्या सरांनी शिकवलं होतं. पण आजवर एकाही प्रबंधात त्याचा उल्लेख नव्हता. हात धुऊन जेवायला बसलो, असं कोणी लिहितं का?

"काका, कारखान्यात या कडा कोण घासणार?" तिने विचारलं.

काका हसले. "तिथे तासाला दोनशे तुकडे पडतात, ताई. घासतंय कोण? साच्यातून पडला की तशाच खरखरीत कडेसकट खोक्यात, खोक्यातून पायात."

म्हणजे न घासलेल्या कडेच्या खाचेतूनच तडा सुरू होत होता. सात वर्षं ती जे घासलेले तुकडे तपासत होती, तसे बाजारात कधी जाणारच नव्हते. जाणार होते ते मोडलेल्या पाचांचे भाऊबंद. भर रस्त्यात कोणाचा तरी घोटा कडकन मोडला असता, आणि वर तिचं नाव छापलेलं असतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. "घासणं ही आपली शिस्त आहे," ते म्हणाले. "शिस्तीत न केलेला प्रयोग म्हणजे सदोष प्रयोग. झालं की!"

"सदोष ते पाच नाहीत, सर. सदोष ते सात आहेत."

"सात वर्षांचं काम एका वाक्यात बुडवतेस?"

"पाय मोडण्यापेक्षा काम बुडालेलं बरं."

सरांचा आवाज चढला. "थिसिसवर सही माझी लागते, हे लक्षात ठेव!"

ती काही विसरली नव्हती. त्या सहीसाठीच तर तिने नोकरी सोडली होती, नणंदेच्या लग्नात मांडवातून उठून यंत्र बघायला आली होती. तरीही ती तडक वर्कशॉपमध्ये गेली आणि काकांकडून दोन नवे तुकडे कापून घेतले. न घासता प्रयोगशाळेतल्या दोन्ही यंत्रांवर चढवले. दुसऱ्या दिवशी सर दारात येऊन म्हणाले, "बंद कर ते." तिने बंद केलं नाही. उलट काकांनी पाटी रंगवून यंत्रावर टांगली: चालू आहे, हात लावू नये. चौथ्या दिवशी एक तुकडा मोडला, पाचव्या दिवशी दुसरा.

घरी सासूबाईंनी आधी कपाळावर हात मारला. "अगं, सर सांगतात तर ऐक की! पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मग बराच वेळ त्या भाजी निवडत राहिल्या. "पण ती माणसं पडतील म्हणतेस?"

"पडतील, आई."

"मग भांड. पण रडत घरी येऊ नकोस, मला नाही बघवत."

सादरीकरणाच्या दिवशी ताईने चौदाही तुकडे टेबलावर ओळीने मांडले, सात अखंड आणि सात मोडके. काय घासलं, काय नाही, सगळं सांगितलं. कारखान्याचा माणूस टिपणं घेता घेता थांबला.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एक मोडका तुकडा उचलून त्याच्या कडेवर नख फिरवलं. "आमच्याकडेही घासतात," त्या हळूच म्हणाल्या, "आणि आम्हीही लिहीत नाही." मग त्यांनी समितीशी कुजबुज केली आणि तोडगा काढला. मोडके तुकडे परिशिष्टात टाकायचे, खाली एक टीप द्यायची. पदवी आजच मिळेल.

सात वर्षांची पदवी हाताच्या अंतरावर होती.

"बाई, पाय घालणारा माणूस परिशिष्ट वाचतो का?" ती म्हणाली. "मला एक वर्ष द्या. मी सगळे तुकडे न घासता तपासते. प्लास्टिक नापास झालं, तर नापास म्हणूनच लिहीन."

परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि मुदतवाढीचा अर्ज टेबलावर सरकवला. त्यावरही गाईडची शिफारस लागायची.

सर उठले. संतापाने त्यांचे कान लाल झाले होते. "माझा आक्षेप आहे," ते म्हणाले, आणि अर्ज ओढून त्यांनी 'आक्षेप आहे' समोर खूण केली. खाली रकाना होता, कारणाचा.

पेन त्या रकान्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. सरांनी एकदा मोडक्या तुकड्यांकडे पाहिलं, एकदा अर्जाकडे.

ताईने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"लिहा ना, सर," ती म्हणाली. "कारण लिहा. मी थांबते."