मानेपासून तळपायापर्यंत

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या घरात खाज कुठून आली, यावर तीन आठवडे चर्चा चालली होती. त्याच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, ही चर्चाच मान्य नव्हती. तिने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता.

"तुझ्या त्या जुन्या पुस्तकांतनं आलंय सगळं. कुणाकुणाच्या घरची कुजकी पानं मांडीवर घेऊन बसतोस."

बाइंडर मान खाली घालून पुठ्ठा कापत राहिला आणि कापता कापता बोटांच्या बेचक्या टेबलाच्या कडेला घासत राहिला. ताईने तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं आणि दर सोमवारी सगळ्या वर्गांची नखं न् डोकी तपासली होती. तिच्यासमोर तोंड उघडायची त्याची लहानपणी छाती झाली नाही, आता पन्नाशीतही होत नव्हती.

मग बायकोचं मनगट खाजायला लागलं. ती पोस्टात काउंटरवर बसायची. एका हाताने शिक्का मारायचा आणि दुसऱ्या हाताने खाजवायचं, हे पाहून रांगेतली माणसं जरा लांब सरकून उभी राहू लागली. त्यातच त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीच्या, चिमणीच्या केसांत उवा निघाल्या.

"आपल्या घरात उवा," ताई म्हणाली आणि खिडकी लावून घेतली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटी बाइंडर डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी भिंग लावून बोटं पाहिली.

"खरूज आहे. हे लोशन घ्या. आंघोळ करायची, अंग कोरडं करायचं आणि मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. एक दिवस ठेवून मग धुवायचं. मुलीला अर्धं पाणी घालून लावा, डोक्यालाही तेच चालेल, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका. चादरी, कपडे उकळत्या पाण्यातनं काढा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज असो नसो. एक जण राहिला की पुन्हा पहिल्यापासून."

"सगळ्यांनी म्हणजे ताईनं पण?"

"ताईंनी पण."

"तुम्ही घरी येऊन तिला सांगाल का?"

डॉक्टरीणबाईंनी भिंग खणात ठेवलं. "मी त्यांच्या वर्गात होते. माझ्या वेण्या सोडून दोनदा सगळ्या वर्गासमोर डोकं पाहिलंय त्यांनी. तुमचं तुम्ही बघा."

घरी येताना बाइंडरने डोकं चालवलं. ताईला लोशन लाव म्हणून सांगणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण तिच्या हातात कारभार दिला की ती कशालाही नाही म्हणत नसे.

रविवारी सकाळी त्याने बाटली आणि खळीचा नवाकोरा रुंद ब्रश तिच्यापुढे ठेवला.

"आम्हाला नीट जमायचं नाही, ताई. इथे राहील, तिथे राहील. तुझी नजर हवी."

ताईने बाटलीवरचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग पदर खोचला.

पुढचा तासभर घरात शाळा भरली. एकेकाला आतल्या खोलीत बोलावणं येई. "हात वर. बोटं पसर. पाठ फिरव. बेंबी विसरायची नाही." लोशन दुधासारखं पांढरं होतं आणि जिथे खाजवून साल गेली होती तिथे असं झोंबायचं, की बाइंडर एका पायावर उभा राहिला.

"नाचू नकोस. ओघळ येतात."

लोशन वाळेपर्यंत कपड्यांना लागू द्यायचं नव्हतं. म्हणून बाइंडर जुन्या लुंगीवर, बायको ढगळ गाऊनमध्ये आणि चिमणी डोक्याला फडकं बांधून, अशी तिघं बाहेरच्या खोलीत हात पसरून बुजगावण्यांसारखी उभी राहिली. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, कारण पाहिलं की हसू फुटत होतं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. दारात मावशी होत्या, ताईच्या शाळेतल्या जुन्या सोबतीण. त्यांना आताशा फार अंधुक दिसायचं, म्हणून रोज ताई त्यांचा हात धरून बागेत तासभर फिरवून आणायची.

"कोण कोण उभं आहे गं?" मावशींनी डोळे बारीक केले.

"व्यायाम करतायत," ताई म्हणाली.

"आणि वास कसला हा?"

"फर्निचरला पॉलिश केलंय."

मावशी चाचपडत खुर्चीवर बसल्या आणि उजव्या हाताच्या बेचक्या करकरा खाजवू लागल्या. "माझ्याही हाताला तुझं ते पॉलिश लाव बाई. दोन महिने झाले, जीव खाल्लाय नुसता."

ताईने तीन आठवड्यांचा आणि रोज बागेत धरलेल्या हाताचा हिशेब मनात मांडला असावा. ती मावशींसमोर उभी राहिली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "हात पुढे करा."

मावशींनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. ताईने त्यांची बोटं पाहिली, मनगटं पाहिली. मग चष्मा सारखा करून आपलीही बोटं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तुला पण खाजतंय का गं?" मावशींनी विचारलं.

"थोडंसं," ताई म्हणाली. चिमणीने तोंडावर हात दाबला आणि हातावरचं लोशन जिभेला लागून तोंड वाकडं केलं.

"लोशन चाटायचं नसतं," ताई तिच्याकडे न बघताच म्हणाली. मग बाइंडरकडे वळली. "अंग वाळलं की आणखी दोन बाटल्या आण. एक आपल्याला, एक यांच्या घरी. तिथे सून, मुलगा, नातू, सगळ्यांना लावावं लागेल. आजच संध्याकाळी मी स्वतः जाईन." ती जरा थांबली. "आणि पुस्तकांबद्दल मी बोलले ते चुकलंच."

बाइंडरने नुसते हात आणखी थोडे पसरले.

बाटल्या आल्यावर ताईने मावशींना आत नेलं आणि दार लावलं. थोड्या वेळाने आतून आवाज आले.

"अगं, झोंबतंय."

"झोंबू दे. पाठ फिरव."

"तुझ्या पाठीला कोण लावणार? मला तर दिसत नाही."

"चाचपडत लाव. मी सांगते तसं. डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे."

आणि मग ताई हसली. बायकोने या घरात आल्यापासून तो आवाज ऐकलाच नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मोरीत चादरींवर उकळतं पाणी ओतत होता.

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना, ताईंना पण झालंय ते?"

"दाराच्या चौकटीला पाठ घासताना पाहिलं होतं," बाइंडर म्हणाला. "तिला वाटलं, मी झोपलोय."