गणाचा ठेका

माह्या डाव्या हाताचं मधलं बोट काऊन वाकडं हाये, असं कोनी इचारलं का मी पहिले कमलेच्या कॉलेजाचं सांगतो. दोन्ही गोष्टी एकच हायेत.

सत्तावन साल होतं. आदल्या साली आम्ही नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलतो. मी बाबाराव, देवळीचा, दुसरी शिकलेला, पन ढोलकीत माह्या तोडीचा मानूस जवळपास नोता. वीस वर्सं तमाशात वाजवली. दीक्षेनंतर माहा साळा श्रावण यानं जलसा उभा केला, गान्या-नाटकातून आपल्या लोकाइले जागं कराले. मी त्यात गेलो. माही पोरगी कमला त्यात गाये. मॅट्रिक झालती. तिले संगीत नाटक शिकाचं होतं, रीतसर, शहरातल्या कॉलेजात.

दोन ठिकानं होती, नागपूर आन मुंबई. नागपूरले माही बहीण देवकाबाई राहे, म्हनून मी म्हनो नागपूर. पन तिथल्या मास्तरानं पहिल्याच भेटीत सांगतलं होतं का आमच्या इथं नाटकाआधी सगळे उभे राहून देवाची नांदी म्हनतात, जो नाई म्हनत त्याले जागा नाई. कमला म्हने, मी दीक्षेत देव न मानाची प्रतिज्ञा घेतली हाये, मी म्हनत नाई, मी मुंबईले जातो. मी म्हनलं, तोंडानं म्हन, मनात नको म्हनू. तिनं दोन दिवस माह्याशी बोलनं टाकलं.

दोन्ही फॉर्म तसेच पडून होते. तेवढ्यात जाम गावाच्या अलीकडे एका खेड्यात जलसा ठरला. नाव नाई सांगत, तिथं आता माही सोयरीक हाये.

दुपारचे चार वाजलेते. पुढं आपले लोकं बसलेते आन मागं पारापाशी गावातले दहा-बारा जन, हातात लाठ्या. त्याइचा म्होरक्या भैयाजी, अंगानं रेड्यासारखा. तो म्हने, आमच्या गावात पहिले गण होते, मंग बाकीचं. गण म्हंजे तमाशाच्या सुरवातीले गणपतीचं गानं. श्रावणनं त्याले साफ सांगतलं का आमच्यात गण बंद झाला. आन माह्याकडे पाहून म्हनला, भाऊजी, लावा ठेका.

आता पाहा. वीस वर्सं रोज पहिला ठेका मी गणाचाच लावला. मले भेव लागलं होतं, नजर त्या लाठ्याइवर होती, आन हात आपल्या मनानं चालू झाले. मले समजलं तवा मागचे लोकं टाळ्या देऊन गण म्हनून राह्यलेते, आन पुढचे आपले लोकं नुसते माह्याकडे पाहून राह्यलेते.

मी हात उचलाच्या आधी श्रावणनं माह्या थोबाडीत हानली. लग्नापासून कधी मले अरे-तुरे न केलेला मानूस. म्हने, "विकला गेला का बे बुढ्या?" मी सांगाले गेलो का हात चुकला, त्यानं दुसरी देल्ली. दात हलला, तोंडात रक्त आलं.

ठेका थांबला तसा भैयाजी आमच्या मंचावर चढला. वाजव म्हने. मी हात मागं घेतले. त्यानं माहा डावा हात ओढून मी बसलो त्या पाटावर दाबला आन लाठीच्या बुडानं कुटला, मिरची कुटतात तसा. बोट मोडल्याचा आवाज मले पहिले आला, दुखनं मागून. मले मारून राह्यलेला श्रावण मंग त्याच्याच अंगावर गेला. त्याच्या डोक्यात दोन लाठ्या बसल्या. तो पडला, उठला, तिसरी जबड्यावर बसली, मंग नाई उठला. आपले लोकं बी काई बसून नोते. दगडं, चपला, बैलगाडीच्या उभारीचं लाकूड, जे हाती आलं ते. एका मानसाचा कान अर्धा लोंबून राह्यलता. बाया लेकरं घेऊन वावरात पळाल्या.

कमला नाई पळाली. भैयाजीनं तिची वेणी मुठीत धरली आन म्हनला, "तू म्हन गण. समद्याइले सोडतो."

तिच्यापुढं मामा रक्तात पडलेला. मी वरडलो, "म्हन कमले, म्हनून टाक."

तिनं नाई म्हनलं. त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली, ओठ फाटला. परत म्हने, म्हन. तिनं ढोलकी उचलली, शिसवाची, चांगली पाच शेराची, आन त्याच्या गुडघ्यावर घातली. तो वाकला तशी खांद्यावर घातली. तिसरी डोक्यातच बसत होती, तो मेलाच असता. मी मोडक्या हातानं तिले कवळा घातला. म्होरक्याच पडला म्हटल्यावर बाकीच्याइनं त्याले उचललं आन ते निघून गेले.

श्रावण वाचला. वर्ध्याच्या दवाखान्यात त्याचा जबडा बांधला, दीड महिना पेजेवर. मले पाह्यलं का त्याले रडू ये, आन बोलता तर येत नोतं.

घरी मी कमलेले म्हनलं, जाय तू मुंबईले. तिथं तुले गण-नांदी कोनी इचारनार नाई. तिची माय सीताबाई बी तेच म्हने.

कमला टाके घातलेल्या ओठानं म्हनली, "नाई बा. मी नागपूरले जातो. शिकून मले इथंच गावोगाव गाचं हाये. इथं कोनी ना कोनी वेणी धरनारच. तोंडावर नाई म्हनाची सवय मले आतापासून पाह्यजे."

गेलो नागपूरले. मास्तर म्हनला, नांदी म्हन. ती म्हने, गानं म्हनतो, नांदी नाई. त्यानं ओठाचं इचारलं, तिनं समदं सांगतलं. बापच म्हन म्हनत होता, हे बी सांगतलं. मी खाली पाहत राह्यलो. मास्तर म्हने, इथं तुले कोनी मारनार नाई, पन जागा बी भेटनार नाई. ती व्हरांड्यात जाऊन बसली. रोज सकाळी येऊन बसे, मी बी संग बसो.

अकराव्या दिवशी मास्तर बाहेर आला. म्हने, नांदीच्या वेळी तू कुठं उभी राह्यशीन?

"समद्याइच्या संग. पुढच्या रांगेत. तोंड मिटून."

मास्तरानं हात पुढं केला. मंग म्हने, फॉर्म द्या. बापाची सही पाह्यजे होती. मी एक-एक अक्षर काढत बसलो. मास्तर म्हनला, घाई नाई, बाबाराव.