मोजायला आलेला माणूस

बँकेतून फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजच्या बाहीला कच्चा टाका घालत होते. राजेश्री मॅडमचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. इतकी वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर बसून त्यांना एवढं तर जमलंच असणार, की वाईट बातमी द्यायची तर आवाजात साखर जरा जास्त टाकायची.

"ताई," त्या म्हणाल्या, "घराचं व्हॅल्युएशन कमी आलंय."

मला वाटलं, कमी म्हणजे दहा-वीस हजारांनी असेल. मग त्यांनी आकडा सांगितला आणि सुई कापडात तशीच राहिली.

घर केशरबाईंचं, पिंगळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. आम्ही ते सव्वीस लाखांना ठरवलं होतं. पण बँक आपल्या तोंडच्या किमतीवर कर्ज देत नाही. ती तिचा इंजिनिअर पाठवते, तो घर मोजतो, जुनं-नवं बघतो आणि त्याच्या हिशोबानं किंमत लावतो. त्यानं लावली एकोणीस. कर्ज मिळणार ते एकोणीसच्या ऐंशी टक्के. म्हणजे आमच्या ठरलेल्या गणितात साडेपाच लाखांच्या वर खड्डा पडला. आणि आमच्या जमवलेल्या पैशातले दोन लाख इसार म्हणून आधीच केशरबाईंच्या हातावर ठेवलेले. पाचशेच्या बाँडवर स्वच्छ लिहिलं होतं, दोन महिन्यांत खरेदीखत झालं नाही तर इसार परत मिळणार नाही. त्या दोन महिन्यांतले सतरा दिवस उरले होते.

ते दोन लाख म्हणजे माझी अकरा वर्षांची फॉल-पिको आणि पाच भिशा. फोन ठेवल्यावर मी ती बाही पुरी केली. संध्याकाळी बघितलं तर उलटी लावलेली.

धम्मानंद, म्हणजे आमचे हे, विद्यापीठात लिपिक आहेत. काहीही झालं की ते आधी कागद घेतात. त्या दिवशी एकाच पायातला बूट काढून ते खाटेवर बसले आणि लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहायला लागले. दुसऱ्या बँकेत जायचं, तर पुन्हा फी, पुन्हा सगळे कागद, आणि दिवस सतराच. पतसंस्थेकडून सगळा खड्डा भरायचा, तर दोन-दोन हप्ते जाऊन पगारात मीठ-मिरचीपुरतं उरेल. केशरबाईंना किंमत कमी करा म्हणायचं, तर त्यांचा मुलगा रामप्रसाद पुण्यातून फोनवर सगळं चालवतो आणि तो सोडणाऱ्यांतला नाही. व्यवहारच सोडून द्यायचा, तर दोन लाख गेले. एवढं लिहून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पाचवा उपाय त्यांच्याकडे नव्हता.

इसाराच्या कागदात एक ओळ घालायची राहिली होती. कर्ज पूर्ण मंजूर झालं नाही तर इसार परत. ती ओळ आता मला पाठ आहे. त्या दिवशी ती सुचली नाही, कारण आम्हाला घर मिळतंय हाच आनंद डोक्यात मावत नव्हता. त्याआधी दोन घरं आम्ही पसंत केली होती. दोन्ही ठिकाणी चहा होईपर्यंत सगळं ठीक होतं. चहानंतर आडनाव विचारलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की घर कालच कुणाला तरी देऊन झालं. केशरबाईंनी आडनाव विचारलं नव्हतं. की घर द्यायचंच नव्हतं, म्हणून विचारायची त्यांना गरजच वाटली नव्हती?

हा प्रश्न मी मनातल्या मनात विचारला होता. धम्मानंदांनी तो दुसऱ्या दिवशी मोठ्यानं बोलून दाखवला.

झालं असं, की मी बँकेत अर्ज देऊन रिपोर्टची प्रत मागितली. राजेश्री मॅडमनी आधी का-कू केलं, मग दिली. वर आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, घर तुम्हाला महाग वाटत नाही म्हणून बँक किंमत वाढवत नाही. पण रिपोर्टमध्ये खरोखर काही चुकलं असेल तर ते दाखवा. पुन्हा पाहणी करायला लावता येते." रिपोर्ट इंग्रजीत. धम्मानंद वाचत होते आणि मला मराठीत सांगत होते. बांधकामाचं वय पंचेचाळीस वर्षं, घरमालकिणीने सांगितल्याप्रमाणे. वरच्या मजल्यावर पत्र्याची शेड, जिना सरपणाने बंद, घरमालकिणीने सांगितल्याप्रमाणे. बोअर कोरडा, घरमालकिणीने सांगितल्याप्रमाणे.

मी ते घर तीनदा पाहिलं होतं. वर बारा बाय चौदाची पक्क्या स्लॅबची खोली आहे. बोअरचं पाणी मी ओंजळीनं प्यायले आहे.

"त्यांना आपल्याला घर द्यायचंच न्हाई," धम्मानंद म्हणाले. एरवी ते ऑफिसची मराठी बोलतात, पण घाबरले की गावची येते. "इसार बी ठेवायचा आन घर बी. कुणीतरी समजवलं असंल म्हातारीला."

मी नाही म्हणाले. पण ते 'नाही' माझ्या घशाखाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच केशरबाईंकडे गेले. गल्लीच्या तोंडाशी एका किराणा दुकानात उगीच काडेपेटी घेतली. काय बोलायचं ते ठरवलं होतं. रागानं बोलायचं ठरवलं होतं. पण दारात केशरबाई कुरडयांचा चीक घाटत बसलेल्या, कपाळावर घाम, आणि मला बघून म्हणाल्या, "आलीस का माय, बस. जरा हे हलीव, माझा हात भरून आलाय." मग मी हलवत बसले. हातात कुणाचं तरी उलथणं असताना भांडायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही.

चहा आला. कप कोणता आहे ते बघायची मला सवय आहे. कान तुटलेला होता. मी खाली बघितलं. मग त्यांनी स्वतःचा चहा ओतला तर त्यांच्या कपालाही कान नव्हता. घरात कान असलेला कपच नव्हता बहुतेक.

मी विचारलं, "मावशी, बँकेचा माणूस आला तेव्हा जिन्यात सरपण कुणी रचलं?"

"मीच की," त्या म्हणाल्या. "दर बारीला मीच रचते."

आणि त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी सरळ, एखादी पाककृती सांगावी तसं. त्या गल्लीत टेप घेऊन मोजायला आलेला माणूस म्हणजे घरपट्टी वाढवणारा माणूस. तो कोपऱ्यावर दिसला की पहिल्या घरातली बाई भिंतीवरून दोनदा खोकते. मग पुढची खोकते. पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीतल्या वरच्या खोल्यांना कुलपं लागतात, बोअरच्या मोटारी बंद होतात, नव्या फरशीवर जुनी चटई पडते, आणि सगळ्यांची घरं सासऱ्याच्या काळातली होतात. केशरबाईंचे मालक शाळेत मास्तर होते. त्यांनी नव्याण्णव साली रीतसर परवानगी घेऊन वरची खोली बांधली, पण बांधून झाल्यावर पालिकेला कळवायचं असतं ते कळवलं नाही. पुढच्या साली बघू म्हणाले. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली. सरपण मात्र दरवेळी वेळेवर रचलं गेलं.

"पण त्यानं सांगितलं ना, बँकेचा आहे म्हणून?"

"सांगितलं की. मी म्हणलं, सगळे असंच सांगत्यात. आन बँकवाला उद्या जाऊन त्यांना सांगणार न्हाई कशावरून?"

"मावशी, तुम्ही घर विकायला काढलंय. तुमचंच घर तुम्ही सात लाखांनी स्वस्त करून ठेवलंत."

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. विकायला काढलेलं त्या विसरल्या नव्हत्या. पण पंचवीस वर्षांची सवय, शेजारणीचे दोन खोकले ऐकल्यावर हात आपोआप सरपणाकडं गेले. मग मी इसाराचं सांगितलं. तारखेचं सांगितलं. धम्मानंदांची शंका सांगितली नाही, पण ती माझ्या तोंडावर असावी, कारण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"तुमच्या मालकाला वाटलं असंल, मुद्दाम केलं म्हणून."

मी चीक हलवत राहिले.

मग त्या घाबरल्या. मी आले होते घाबरलेली, आणि आता आम्ही दोघी घाबरलेल्या एका पातेल्यासमोर बसलो होतो. खरं सांगितलं तर पंचवीस वर्षांची पट्टी एकदम मागतील, वर दंड. रामप्रसादला कळलं तर तो काय म्हणेल. मी म्हणाले, परवानगीचा नकाशा असेल तर बँक वरची खोली धरेल, आणि पट्टीचं जे निघेल त्यातलं निम्मं आमचं. बोलून बसले. घरी जाताना हे धम्मानंदांना कसं सांगायचं ते मी रिक्षात मनाशी घोकत होते.

ते चिडले नाहीत. त्यांनी पत्रिकेच्या मागं पाचवा उपाय लिहिला आणि त्याच्यापुढं आकडा घालायची जागा कोरी सोडली. बाकीच्या चारांपेक्षा ती कोरी जागा मला जास्त भिववत होती.

पुन्हा पाहणीसाठी अर्ज केला, फी भरली. आठ दिवस कुणीच आलं नाही. फोन वाजला की मी मशीन सोडून धावायचे, नाही वाजला की तो चालू आहे ना ते बघायचे. शेवटी तोच इंजिनिअर आला. वैतागलेला. त्याच्या कामात चूक काढली होती ना आम्ही. गल्लीत शिरल्यावर कुणीतरी दोनदा खोकलं. केशरबाई दारात उभ्या राहून त्या बाजूला बघून म्हणाल्या, खोकू नको गं, मीच बोलावलंय.

जिना मोकळा होता. वर जायच्या आधी तो माझ्याकडे वळला आणि जरा तोडूनच म्हणाला, की मागच्या वेळी इथं शेड होती, पंधरा दिवसांत स्लॅब कसा पडला. त्याला वाटत होतं, कर्ज वाढवायला आम्हीच काहीतरी चालूपणा करतोय.

"साहेब," केशरबाई म्हणाल्या. "खोटं मी बोलले. ह्यांना मालूम बी नव्हतं. वरची खोली नव्याण्णवची हाय. हा घ्या नकाशा."

तो बराच वेळ नकाशा बघत होता. मग त्यानं टेप काढला आणि दुसरं टोक मला धरायला दिलं. माप धरायला मला कुणी शिकवायची गरज नाही, पण त्या दिवशी माझा अंगठा टेपवरून दोनदा सुटला. खाली केशरबाईंनी मोटार चालू केली, तर तो म्हणाला, बस, आवाज ऐकू आला.

चार दिवसांत रिपोर्ट येतो, असं बँकेत म्हणाले. चार दिवस गेले. पाचवा गेला. आणि बाँडवरची तारीख आली.

त्या सकाळी आम्ही दोघं केशरबाईंकडे गेलो, रिकाम्या हातानं. काय मागायचं ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनाही बोलवत नव्हतं. तेवढ्यात रामप्रसादचा फोन आला. केशरबाईंना फोनवरचं नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो. आज तारीख संपली, तो सांगत होता, जिंतूरची पार्टी रोखीनं घ्यायला तयार आहे, इसार आपलाच राहतो, त्यात आपली काही चूक नाही, कागदावर लिहिलंय. धम्मानंद जमिनीकडे बघत होते. मी त्यांच्या शर्टची बाही धरली होती, हे मला नंतर कळलं.

"आपली चूक हाय," केशरबाई म्हणाल्या. आणि त्यांनी सरपणाचं सांगितलं.

मग तो म्हणाला, "आई, कुणासाठी करायलीस हे? कोण लागतात ते आपले?"

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "पण खोटं मी बोलले आन पैसे त्यांचे बुडायलेत. घर अजून माझ्या नावावर हाय, रामप्रसाद. ठेव आता."

त्यांनी बाँड उलटा केला. पंधरा दिवस वाढवून दिले, असं धम्मानंदांनी लिहिलं, आणि त्याखाली केशरबाईंनी सही केली. मास्तरांनी शिकवलेली सही. एकेक अक्षर पाट्यावर वाटल्यासारखं. 'केशर' झाल्यावर त्या थांबल्या, श्वास घेतला, मग 'बाई' लिहिलं. धम्मानंदांनी तो कागद घडी न करता तसाच दोन्ही हातांनी धरून घरी आणला.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. साडेचोवीस. सव्वीस नाहीच. केशरबाईंनी पन्नास हजार उतरवले, तेही रामप्रसादशी दोन दिवस अबोला धरून. उरलेले सत्तर हजार पतसंस्थेनं दिले. सत्तर हजारांच्या हप्त्यात मीठ-मिरचीबरोबर डाळही येते, एवढा हिशोब मी केला.

खरेदीखताच्या आधी घरपट्टी भरल्याची पावती लागते. म्हणून परवा मी आणि केशरबाई वरची खोली कळवायला पालिकेत गेलो. खिडकीसमोर रांग होती. त्यांनी धुवट इरकली नेसलेली, आणि माझा हात असा धरलेला की बांगडी रुतत होती. मागं वळून जाऊ का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मला स्वतःलाच जावंसं वाटलं.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं नकाशा पसरला, चष्मा वर केला.

"वरचा मजला कधीपासून आहे?"

केशरबाईंनी माझ्याकडे बघितलं. ते त्यांनीच सांगायचं होतं.

"नव्याण्णवपासून," त्या म्हणाल्या.

त्यानं कॅल्क्युलेटर पुढं ओढला, आणि आम्ही दोघी त्याच्या बोटांकडे बघत उभ्या राहिलो.